एकच जॉब पाच लेथवर: जी-कोडच्या सामाईक पत्रकाच्या नोंदी

नाशिकच्या अंबड आणि सातपूर एमआयडीसीत आमची पाच छोटी वर्कशॉप आहेत. सीएनसी लेथ, म्हणजे जॉब फिरवून प्रोग्रॅमने कापणारं मशीन, सगळ्यांकडे, पण तो जी-कोडचा (जी०१, एम०३ अशा आज्ञांचा) प्रोग्रॅम वाचणारा कंट्रोलर एकासारखा एक नाही. पहिलीकडे फॅनक, ए पद्धतीवर (फॅनकच्या लेथवर कोडचे नंबर लावायच्या ए, बी, सी अशा पद्धती असतात). दुसरीकडे युरोपातून आलेलं जुनं सेकंडहँड मशीन, तेही फॅनकच, पण बी पद्धतीवर. तिसरीकडे सीमेन्स ८२८डी, चौथीकडे हास. पाचवं मशीन म्हणजे जुना लेथ, नव्या मोटारी बसवून लिनक्ससीएनसीवर चालवलेला. सिन्नर, चाकण, कोल्हापूर, कुठेही असा गोतावळा असेल तर या नोंदी कामी येतील म्हणून लिहून ठेवतोय.

५ जून २०२४

निमित्त बुशच्या ऑर्डरचं. एका शॉपचा स्पिंडल ड्राइव्ह गेला आणि निम्मा माल शेजारच्या शॉपवर हलवला. ड्रॉइंग तेच, मटेरियल तेच, टूलही तीच नेली. प्रोग्रॅम मात्र चालेना. तो नव्याने लिहून, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ थांबत) फिरवून पहिला पीस पास होईपर्यंत पूर्ण शिफ्ट गेली. डिलिव्हरी चुकली ती तिथेच.

ठरलं असं: पाचही शॉपमध्ये जसाच्या तसा समजेल असा प्रोग्रॅम लिहायच्या नियमांचं एक सामाईक पत्रक करायचं. फक्त टर्निंग. लाइव्ह टूल, वाय ॲक्सिस, व्हीएमसी (मिलिंगचं मशीन) हे नंतर बघू.

१३ जून

पहिली बैठक, गरवारे पॉइंटजवळच्या शॉपमध्ये, सेकंड शिफ्ट सुटल्यावर. पहिलाच प्रश्न: कुणाची पद्धत धरायची?

फॅनकवाले म्हणाले, बाजारात आमचीच मशीन जास्त, सगळ्यांनी ए पद्धत घ्या. सीमेन्सच्या शॉपच्या ताई म्हणाल्या, "मग मी बैठकीला कशाला येऊ? तुमचा प्रोग्रॅम मी आजही हातानेच बदलते." त्यांचं म्हणणं खरं होतं. मतदान घेतलं असतं तर फॅनक जिंकलं असतं आणि पत्रक त्याच रात्री मेलं असतं.

कुणीतरी विचारलं, की आंतरराष्ट्रीय प्रमाण आहेच ना, ते का नाही घ्यायचं? आहे. अमेरिकेतल्या ईआयए या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेच्या आरएस-२७४ ची शेवटची आवृत्ती ‘डी’, ती १९८० ची. आयएसओ ६९८३ हे १९८२ चं. जर्मनीचं डीआयएन ६६०२५ त्याच घराण्यातलं. पण या प्रमाणांनी बरेच नंबर मोकळे सोडले होते, आणि ज्याला जे सोयीचं वाटलं त्याने ते त्या जागी भरलं. जिथे नंबर ठरवून दिला होता तिथेही सगळे एका वाटेने गेले नाहीत. कागदावरच्या प्रमाणात जी७१ म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये, आणि सीमेन्स आजही तेच मानतं. फॅनकच्या लेथवर जी७१ म्हणजे रफ टर्निंग सायकल (एका आज्ञेत बरेच कट घेणारी), मिलिमीटरसाठी जी२१. म्हणजे प्रमाणाला धरून चालणारं मशीन आमच्यात अल्पमतात.

त्या रात्री निर्णय झाला नाही.

२० जून

आज वाट सापडली, ती सातपूरच्या सेटरकाकांमुळे. त्यांनी एकाच जॉबचे पाच प्रोग्रॅम छापून टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि म्हणाले, "पाचांत जी ओळ सारखी नाही ती खोडा. उरेल ते आपलं."

खोडत गेलो. खोडलेल्यातलं महत्त्वाचं:

जी९० आणि जी९१. बी पद्धत, सीमेन्स, लिनक्ससीएनसी यांवर ॲब्सोल्यूट (मापं शून्यापासून) आणि इन्क्रिमेंटल (मापं आधीच्या जागेपासून). फॅनक ए पद्धतीच्या लेथवर जी९० म्हणजे टर्निंग सायकल, आणि इन्क्रिमेंटलसाठी यू आणि डब्ल्यू. सवयीने वर जी९० लिहिलेला प्रोग्रॅम ए पद्धतीच्या लेथवर चढवला तर पुढची प्रत्येक हालचाल सायकल म्हणून चालू शकते.

जी९२. हा सगळ्यात घातक. ए पद्धतीवर थ्रेडिंगची सायकल. बी पद्धतीवर कोऑर्डिनेट बसवायचा कोड, एस बरोबर दिला तर स्पिंडलची कमाल गती. लिनक्ससीएनसीवरही कोऑर्डिनेट सरकवतो. ए पद्धतीची थ्रेडिंगची ओळ या मशीनवर गेली तर अलार्म येईलच असं नाही. झीरो (जिथून मापं मोजतात तो बिंदू) गुपचूप सरकतो आणि पुढचं टूल भलत्याच जागी जातं.

जी९८ आणि जी९९. ए पद्धत आणि हासवर फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला की फेऱ्याला ते सांगणारे. बी, सीमेन्स आणि लिनक्ससीएनसीवर त्यासाठी जी९४ आणि जी९५.

आर्कसाठी आर, म्हणजे गोलाईची त्रिज्या. सीमेन्सला तिथे सीआर लागतो. आय आणि के (गोलाईचं केंद्र सांगणारे) सगळ्यांकडे चालतात, म्हणून आर्क आय-के नेच लिहायचा.

व्हेरिएबल, आयएफ, गोटू, सबप्रोग्रॅम: सरसकट बाद. फॅनकचे हॅश नंबर, सीमेन्सचे आर पॅरामीटर, लिनक्ससीएनसीचे ओ-शब्द, यांत मेळ घालण्यात अर्थ नाही.

उरलं ते थोडकं, पण भक्कम: जी००, जी०१, जी०२, जी०३, जी४०, जी४१, जी४२, जी९६, जी९७, एम०३, एम०४, एम०५, एम०८, एम०९, एम३० (म्हणजे सरळ आणि गोल हालचाली, टूलच्या टोकाची भरपाई, स्पिंडल, कूलंट आणि प्रोग्रॅमचा शेवट). सगळी मापं ॲब्सोल्यूट, एक्स व्यासात, झेड लांबीच्या दिशेने. यावर पाचही जणांनी मान डोलावली, कारण यातलं काहीच कुणा एकाचं नव्हतं.

२ जुलै

दशांश चिन्ह. बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे टर्रेट (टूल धरणारा फिरता भाग) आपटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

फॅनकवर नेहमीच्या मायक्रॉन सेटिंगमध्ये ‘एक्स५०’ म्हणजे ०.०५० मिमी. ‘एक्स५०.’ म्हणजे ५० मिमी. सीमेन्स आणि लिनक्ससीएनसीवर दोन्ही ५० मिमी. हासवर हे सेटिंगवर अवलंबून. सीमेन्सवर वर्षानुवर्षं नीट चाललेला प्रोग्रॅम फॅनकवर नेला, की टूल रॅपिडने (पूर्ण वेगाने) जॉबच्या मध्याकडे निघतं.

फॅनकवर ३४०१ पॅरामीटरचा शून्य क्रमांकाचा बिट बदलला तर तिथेही ‘एक्स५०’ म्हणजे ५० मिमी होतं. एकाने तो बदलायचा आग्रह धरला. नको म्हटलं, कारण त्या मशीनवर जुने प्रोग्रॅम मायक्रॉनमध्येच लिहिलेले पडलेत. तिथला एक्स५०००० लगेच ५० मीटर होईल. नियम प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर ठेवायचा, कुणाच्याही मशीनच्या पोटात हात घालायचा नाही. हे तत्त्व पुढे फार उपयोगी पडलं.

पत्रक, कलम १: एक्स, झेड, आय, के, एफ यांच्या प्रत्येक आकड्याला दशांश चिन्ह आणि त्यापुढे किमान एक अंक. ५०.० असंच.

११ जुलै

स्पिंडलची कमाल गती. जी९६ मध्ये कटिंग स्पीड कायम ठेवायला मशीन व्यास कमी होईल तशी गती वाढवतं. १८० मीटर प्रति मिनिटाला २० मिमीवर सुमारे २८६५ आरपीएम, ५ मिमीवर साडेअकरा हजारांच्या आसपास. फेसिंग करत मध्यावर गेलं की आकड्याला अंतच नाही, म्हणून मर्यादा घालावीच लागते. गती वाढते तशी जॉची (चकच्या जॉब धरणाऱ्या दातांची) पकड सैल होते, आणि त्यातून जॉब सुटला तर माणूस जातो.

ही मर्यादा प्रत्येकाची निराळी: ए पद्धत आणि हासवर जी५०, बी पद्धतीवर जी९२, सीमेन्सवर लिम्स, लिनक्ससीएनसीवर जी९६ च्याच ओळीत डी. म्हणजे खोडण्याच्या नियमाने ही ओळ प्रोग्रॅममधून गेली! उरलेला प्रोग्रॅम पाचही मशीनवर बिनतक्रार चालला असता, आणि तेच धोक्याचं होतं.

इथे कळलं की समान तेवढं ठेवून भागणार नाही. काही गोष्टी सगळ्यांना लागतात आणि लिहितो मात्र प्रत्येक जण वेगळ्या.

२५ जुलै

मधला प्रयोग, तो फसला. विचार असा होता की सायकल नकोतच. रफिंगचा प्रत्येक पास जी०० आणि जी०१ मध्ये उलगडून लिहायचा, थ्रेडिंगसुद्धा पास-पास. कॅम (ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवणारं) सॉफ्टवेअर हे आपोआप देतं.

दोन अडचणी आल्या. जुन्या बी पद्धतीच्या मशीनची मेमरी ८० मीटर आहे. हो, मीटर. कागदी टेपच्या काळातलं माप अजून तसंच चालतं, दहा मीटर म्हणजे साधारण चार केबी. त्यात बाकीचे प्रोग्रॅम पडलेले. उलगडलेला लांबलचक प्रोग्रॅम मावेना. जागा करायला जुने प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलने बाहेर काढत बसावं लागलं, संध्याकाळ त्यातच गेली.

दुसरी अडचण मोठी. ऑपरेटरांनी तो प्रोग्रॅम वापरायला सरळ नकार दिला. सायकल असली की चॅटर (टूलची थरथर) आल्यावर कटची खोली एका ठिकाणी बदलता येते. उलगडलेल्या प्रोग्रॅममध्ये शेकडो ओळी, मशीनवर उभा माणूस काय बदलणार? "प्रोग्रॅम मला वाचता आला पाहिजे, रात्री दोनला तुम्हाला फोन लावू का?" हे एका ऑपरेटरदादांचं वाक्य. याला उत्तर नव्हतं. प्रयोग सोडला.

८ ऑगस्ट

नवी रचना. प्रोग्रॅमचे दोन थर.

खालचा थर म्हणजे २० जूनला उरलेले साधे कोड. जॉबचा आकार त्यात.

वरच्या थरात ठरवून दिलेल्या नावांच्या ओळी. सध्या आठ: टूल, गतिमर्यादा, फीडपद्धत, रफिंग, फिनिशिंग, ग्रूव्ह, थ्रेड, थांबा. प्रत्येक नावापुढे काय काय द्यायचं ते ठरलेलं. रफिंगपुढे कटची खोली, मागे सरकणं, एक्स आणि झेडचा फिनिशिंग अलाउन्स (शेवटच्या कटसाठी ठेवलेला माल), फीड. थ्रेडपुढे मोठा व्यास, पिच (दोन आट्यांमधलं अंतर), एका बाजूची खोली, पहिल्या कटची खोली, लांबी.

प्रत्येक शॉपने या आठ नावांचं आपल्या मशीनच्या भाषेतलं रूप स्वतः लिहायचं. ते पायथॉनच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये बसतं. फॅनक ए पद्धतीचं रफिंग दोन ओळींचं: ‘जी७१ यू२.० आर०.५’ आणि खाली पी, क्यू, यू, डब्ल्यू, एफ असलेली दुसरी. हासवर तेच एका ओळीत, खोली डी मध्ये. सीमेन्सवर सायकल९५. लिनक्ससीएनसीवर जी७१ आहे, पण त्याची मांडणी चौथ्याच प्रकारची.

रूप ज्याचं त्याने लिहायचं हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. सीमेन्सच्या ताईंच्या मशीनवर काय चांगलं चालतं ते त्याच जाणतात. पत्रक त्यांना फक्त सांगतं की ‘रफिंग’ म्हटल्यावर काय घडायला हवं.

आकारावर एक बंधन घातलं. फॅनकवर जी७१ च्या आकाराच्या पहिल्या ओळीत फक्त एक्स असेल तर टाइप वन, एक्स आणि झेड दोन्ही असतील तर टाइप टू, म्हणजे मध्ये खाच असलेला आकार. खाचेचा आकार प्रत्येक कंट्रोलर निराळा हाताळतो. म्हणून पत्रकात फक्त चढता आकार (व्यास मध्येच कमी न होणारा), पहिल्या ओळीत फक्त एक्स. खाच हवी असेल तर ग्रूव्ह वेगळा लिहा.

२२ ऑगस्ट

चाचणी जॉब. ईएन८ पोलादाचा ४० मिमी बार, फेसिंग, दोन स्टेप, एक रेडियस, एक ग्रूव्ह, एम२४ बाय २ थ्रेड. पाचही ठिकाणी एकच मूळ फाइल.

ए पद्धत, हास आणि सीमेन्सवर पहिला पीस मापात आला. हे लिहिताना अजून बरं वाटतं.

लिनक्ससीएनसीवर टूल ग्रूव्हच्या तळाशी गेलं आणि तिथेच थांबलं. कारण ‘थांबा’चं रूप फॅनकवरून उचललं होतं: जी०४ पी५००. फॅनकवर पी मिलिसेकंदात, म्हणजे अर्धा सेकंद. लिनक्ससीएनसीवर पी सेकंदात, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. टूल तळाशी घासत राहिलं, इन्सर्टची (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याची) धार गेली, रीसेट दाबावं लागलं. सीमेन्सवर हाच थांबा जी४ एफ असा, सेकंदात. फॅनकवर पी५०० ऐवजी पी०.५ लिहून भागत नाही, तिथे पी ला दशांश चालत नाही. पत्रकात आता ‘थांबा’ची वेळ सेकंदातच द्यायची, मिलिसेकंद कुठेही लिहायचे नाहीत.

त्याच मशीनवर थ्रेडही उथळ आला, गो गेज (थ्रेड तपासायचं साधन) बसेना. खोली एका बाजूची १.२२७ मिमी दिलेली होती. फॅनकवर जी७६ या थ्रेडिंग सायकलच्या दुसऱ्या ओळीत ती पी१२२७ अशी मायक्रॉनमध्ये जाते. लिनक्ससीएनसीच्या जी७६ मध्ये पी म्हणजे पिच आणि खोली के मध्ये. वर जी७ म्हणजे व्यासाची पद्धत चालू असेल तर आय, जे आणि के हेही व्यासावर मोजले जातात. म्हणून के२.४५४ लिहायला हवं होतं. थ्रेड बरोबर अर्धा खोल कापला गेला होता.

बी पद्धतीच्या मशीनवर चाचणी होऊ शकली नाही, पावसात दुपारभर लाइट नव्हती.

१९ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. बी पद्धतीचं मशीन आता पास.

तपासणीची स्क्रिप्ट झाली. मूळ फाइल तिच्यातून गेल्याशिवाय कुणाला पाठवायची नाही. ती बघते: दशांश नसलेला आकडा, यादीबाहेरचा कोड, गतिमर्यादेशिवाय जी९६, टूल बदलण्याआधी न काढलेलं जी४१ किंवा जी४२, आणि उतरता आकार.

पहिल्या आवृत्तीत गडबड होती. ती रूपांतर झालेल्या फाइलवर चालवली तेव्हा फॅनकच्या जी७६ मधल्या पी आणि क्यू ला दशांश नाही म्हणून आरडाओरड. एकाने स्क्रिप्टचं ऐकून पी१२२७.० केलं, मशीनने अलार्म दिला. आता तपासणी फक्त मूळ फाइलवर.

कॉमेंटचाही निकाल लावला. फॅनक आणि हासवर कंसात, सीमेन्सवर अर्धविरामानंतर. शिवाय आमच्या कुठल्याही कंट्रोलरच्या स्क्रीनवर देवनागरी दिसत नाही. मूळ फाइलमध्ये कॉमेंटच नकोत. ऑपरेटरसाठीच्या सूचना मराठीत वेगळ्या सेटिंग शीटवर, कोणत्या टर्रेट नंबरला कोणतं टूल ते त्यात.

३ ऑक्टोबर

प्रश्न आला की सीमेन्सवर आयएसओ मोड असतो, मग ही सगळी खटपट का? जी२९१ दिलं की कंट्रोलर फॅनकसारखे कोड समजतो, जी२९० दिलं की परत आपल्या भाषेत.

करून पाहिलं. आधी मशीन डेटात चालू करून घ्यावा लागतो आणि त्यातही ए, बी, सी पद्धत निवडावी लागते. साधा टर्निंग प्रोग्रॅम चालला. पण ऑपरेटरची सगळी सवय सीमेन्सच्या पडद्यांची. आयएसओ मोडमधल्या प्रोग्रॅमवर चित्रांतून सायकल भरायची सोय त्यांना मिळेना, आणि अडचण आली की कुणाला विचारावं हेही कळेना. ताईंनी ठरवलं की अडीअडचणीला ठेवायचं, रोजचं काम पत्रकाने.

१६ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर हिशेब केला. सॉफ्टवेअरवर पैसे गेले नाहीत. खर्च झाला तो बारच्या तुकड्यांवर, इन्सर्टवर, आणि सर्वांत जास्त मशीन चाचणीसाठी अडकून राहिली त्या तासांवर. ते तास आम्ही वाटून घेतले, ज्याचं मशीन अडकलं त्याला बाकीच्यांनी जॉबवर्कमध्ये भरून दिले. हे आधी ठरवलं नसतं तर दुसऱ्याच चाचणीला फाटाफूट झाली असती. सुरुवात करणाऱ्यांनी ही बोलणी पहिल्याच बैठकीत उरकावीत.

आज एक्सलो पॉइंटच्या शॉपवर जादा काम आलं, ते सातपूरला पाठवलं. फाइल गेली, रूपांतर झालं, सिंगल ब्लॉकवर पहिला पीस काढला, चहाच्या आधी प्रॉडक्शन सुरू. ऑफसेट (टूलची मापं) तेवढे घ्यावे लागले. जूनमध्ये याच प्रकारच्या कामाला शिफ्ट गेली होती.

१४ नोव्हेंबर

पत्रकाला आवृत्ती क्रमांक दिला, प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत तो असेल. कारण एका शॉपने ‘ग्रूव्ह’मध्ये आपल्यापुरतं एक जास्तीचं माप टाकलं होतं, आणि ती फाइल दुसरीकडे गेल्यावर स्क्रिप्टने ते माप गिळून टाकलं. आता अनोळखी माप दिसलं की रूपांतर थांबतं.

बदलाचा नियम: नवं नाव किंवा नवं माप हवं असेल तर किमान दोन वेगळ्या कंट्रोलरवर ते चालवून दाखवायचं आणि बाकी तिघांनी आपलं रूप लिहून द्यायचं. तोवर ते पत्रकात येत नाही. ‘पेक ड्रिलिंग’ची (थांबत थांबत भोक पाडायच्या सायकलची) मागणी याच पायरीवर अडून आहे. फॅनकच्या लेथवर ते जी७४ ने होतं आणि सीमेन्सवर जी७४ म्हणजे रेफरन्स पॉइंटला (मशीनच्या ठरलेल्या मूळ जागेला) जाणं. बी पद्धतीचं रूप अजून कुणी चालवून दाखवलेलं नाही.

सहाव्या शॉपने यायची इच्छा सांगितली आहे. येणाऱ्याने मशीनच्या पॅरामीटरचा बॅकअप, जी-कोडची पद्धत कुठली ते, चकची छापलेली कमाल गती आणि चाचणी जॉबसाठी ४० मिमी ईएन८ चा बार घेऊन यावं.